भर शहरात राहूनही शांत झोप: हॉटेलातली योग्य खोली निवडण्यापासून रात्रीच्या तक्रारीपर्यंत

शहराच्या मध्यभागी हॉटेल घेण्याचे फायदे वेगळे सांगायला नकोत. कामाची ठिकाणं जवळ, बघण्यासारखं बरंच काही चालत जाण्याच्या अंतरावर, रात्री उशीर झाला तरी परतायची काळजी नाही. त्रास एकच. शहर मध्यरात्रीपर्यंत जागं असतं आणि पहाटे पुन्हा कामाला लागतं. यावर लोक सहसा दोनपैकी एक उपाय करतात. एक तर शहराबाहेर कुठेतरी लांब राहतात आणि रोजचा अर्धा जीव प्रवासात घालवतात, नाहीतर जास्त पैसे मोजून जास्त तारे असलेलं हॉटेल घेतात. हा दुसरा उपाय बरेचदा फसतो. तारे मिळतात ते खोलीचा आकार, लिफ्ट, चोवीस तास रिसेप्शन, रूम सर्व्हिस अशा सोयींवरून. शेजारच्या खोलीतला टीव्ही रात्री किती ऐकू येतो, याचा त्यात फारसा हिशेब नसतो.

माझा अनुभव असा की शांतता हॉटेलपेक्षा खोलीवर जास्त अवलंबून असते. एकाच मजल्यावर, एकाच भाड्याच्या दोन खोल्यांत एकीत माणूस सकाळपर्यंत गाढ झोपतो आणि दुसरीत रात्रभर कूस बदलत पडतो. म्हणून खाली जे सांगितलं आहे ते सगळं योग्य खोलीपर्यंत पोचण्यासाठी आहे. हॉटेल शोधणं हा त्यातला पहिला आणि सोपा भाग.

किती आवाज म्हणजे जास्त?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपायच्या खोलीत सलग आवाजाची पातळी ३० डेसिबलपर्यंत असावी आणि अधूनमधून होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. वाहत्या रस्त्याच्या कडेला दिवसा ७० डेसिबलच्या आसपास पातळी सर्रास असते. म्हणजे भिंत आणि खिडकी यांनी मिळून साधारण ४० डेसिबल अडवायला हवेत. डेसिबलचं माप सरळ वाढत नाही. दर १० डेसिबलला आवाज कानाला जवळपास दुप्पट वाटतो. त्यामुळे ३० आणि ४० यांतला फरक कागदावर लहान दिसला, तरी उशीवर डोकं टेकवलं की तो चांगलाच कळतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झोप मोडते ती बहुधा अचानक होणाऱ्या आवाजाने. एसीची एकसुरी घरघर थोड्या वेळात कान विसरून जातो. सायलेन्सर काढलेली मोटरसायकल, रुग्णवाहिकेचा भोंगा, पॅसेजमध्ये धाडकन आपटलेलं दार, हे मात्र दर वेळी जागं करतात. त्यामुळे खोली निवडताना ‘इथे आवाज आहे का’ यापेक्षा ‘इथे अचानक कोणते आवाज होऊ शकतात’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

परक्या जागेत पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा पुष्कळांचा अनुभव आहे आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. त्याच जागी पुढच्या खेपेला हा फरक दिसला नाही. तेव्हा मुक्काम एकाच रात्रीचा असेल, तर खोलीच्या निवडीत काटेकोर राहण्याची गरज उलट जास्त असते. ‘एका रात्रीचा तर प्रश्न आहे’ म्हणून लोक नेमकं इथेच दुर्लक्ष करतात.

आधी नकाशा, मग फोटो

हॉटेलचे फोटो बघण्याआधी नकाशा उघडा आणि इमारत नेमकी कुठे उभी आहे ते पाहा. मुख्य रस्त्यापासून किती लांब, हे बघण्यापेक्षा मुख्य रस्ता आणि हॉटेल यांच्यामध्ये काय आहे, ते बघा. वाहनांची रांग असलेल्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट केल्यावर जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. म्हणजे रस्त्यापासून २० मीटरऐवजी ४० मीटरवर गेलात तरी कानाला फारसा फरक पडत नाही. मध्ये एखादी सलग इमारत आडवी आली, तर मात्र दहा-पंधरा डेसिबल सहज कमी होतात. यामुळेच मुख्य रस्त्याला लागून असलेल्या इमारतींच्या मागच्या गल्लीतलं हॉटेल बऱ्याचदा शांत निघतं, आणि मोकळ्या चौकापलीकडे दूर दिसणारं हॉटेल तितकं शांत नसतं.

मग आजूबाजूला काय आहे ते शोधा. आपत्कालीन विभाग असलेलं रुग्णालय, अग्निशमन केंद्र, रेल्वेमार्ग, बसथांबा, ट्रामचं वळण (वळणावर रुळांचा किंचाळल्यासारखा आवाज येतो), स्टेडियम, घंटाघर, शाळेचं मैदान. सिग्नलजवळची खोली शक्यतो टाळाच. एका वेगात जाणाऱ्या गाड्यांपेक्षा थांबून पुन्हा निघणाऱ्या गाड्या जास्त त्रास देतात, शिवाय हॉर्न असतोच. चढावरचा रस्ताही तसाच, कारण जड गाड्या तिथे खालच्या गिअरवर चढतात.

उपग्रहचित्रात क्रेन, खोदलेला प्लॉट किंवा अर्धवट इमारत दिसते का पाहा. ती छायाचित्रं जुनी असू शकतात, म्हणून बांधकामाचा प्रश्न हॉटेलला फोन करताना पुन्हा विचारायचाच. रस्त्याच्या पातळीवरून दिसणारी छायाचित्रं असतील तर समोरच्या इमारतीचा तळमजला नीट बघा. दिवसा शटर बंद असलेली दुकानं ओळीने दिसली, तर ती रात्री उघडणारे बार आहेत का, हे त्यांच्या पाट्यांवरून कळतं.

वाहनांना बंदी असलेला, फक्त चालणाऱ्यांसाठी राखलेला रस्ता अनेकांना सुरक्षित पर्याय वाटतो. मला तो तितकासा वाटत नाही. अशा रस्त्यांवर रात्री उशिरापर्यंत खुर्च्या मांडलेल्या असतात, दगडी फरशीवरून सामानाच्या बॅगांची चाकं खडखडत जातात, आणि माल उतरवणाऱ्या व कचरा उचलणाऱ्या गाड्यांना बहुतेक वेळा पहाटेचीच परवानगी असते. रिकाम्या काचेच्या बाटल्या डब्यात ओतल्याचा आवाज पहाटे चौथ्या मजल्यावरही स्पष्ट ऐकू येतो.

रिव्ह्यूंतून नेमकं काय वाचायचं

सरासरी गुण बाजूला ठेवा. स्वच्छ बाथरूम, हसतमुख कर्मचारी आणि चांगला नाश्ता यांवर कोणत्याही हॉटेलला भरघोस गुण मिळतात. रिव्ह्यूंमध्ये शब्द टाकून शोधायची सोय असते, ती वापरा: आवाज, रस्ता, भिंती, लिफ्ट, बार, एसी, बांधकाम. परदेशी शहर असेल तर इंग्रजी आणि तिथल्या भाषेतले शब्दही टाका. गेल्या सहा महिन्यांतलं आधी वाचा. जुन्या तक्रारीनंतर खिडक्या बदललेल्या असू शकतात आणि जुन्या कौतुकानंतर शेजारी क्लब उघडलेला असू शकतो.

तक्रार कोणत्या वारची आहे याकडेही लक्ष द्या. बार-क्लबच्या भागातलं हॉटेल आठवड्याच्या मधल्या दिवसांत शांत आणि शुक्रवार-शनिवारी असह्य, असं असू शकतं. कचेऱ्यांच्या भागात नेमकं उलट होतं, सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. सर्वांत मोलाचे ते रिव्ह्यू ज्यांत खोलीचा क्रमांक, मजला किंवा बाजू लिहिलेली असते. ‘मागच्या बाजूची खोली मिळाली, काही ऐकू आलं नाही’ या एका वाक्यात तुम्हाला हवी ती माहिती आहे.

हॉटेलने दिलेली उत्तरंही वाचा. ‘आम्ही पाहुण्यांसाठी उशाशी इअरप्लग ठेवतो’ असं कोणी अभिमानाने लिहिलं असेल, तर ती कबुली समजा.

कोणती खोली मागायची

रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे मागच्या अंगाची किंवा आतल्या चौकाकडे उघडणारी खोली, हा सुरुवातीचा नियम. पण तो आंधळेपणाने लावू नका. मागच्या बाजूलाच स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, एसीची बाहेरची युनिटं, जनरेटर आणि माल उतरवायची जागा असण्याचा संभव असतो. आतला चौक अरुंद असेल तर त्यात आवाज घुमतो, आणि तिथे रेस्टॉरंटची टेबलं मांडलेली असतील तर खाली चाललेलं सगळं बोलणं वर ऐकू येतं. म्हणून ‘मागे काय आहे’ हा पुढचा प्रश्न.

मजल्याबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे: जितकं वर तितकं शांत. हे अर्धंच खरं. दोन्ही बाजूंनी उंच इमारती असलेल्या रस्त्यावर आवाज भिंतींवर आपटत वर चढतो आणि मजल्यागणिक थोडाथोडाच उतरतो. वर गेल्यावर फुटपाथवरचं बोलणं, टॅक्सीची दारं, शटर असे सुटे आवाज मात्र विरतात आणि शहराची एकसंध घरघर तेवढी उरते. झोपेच्या दृष्टीने तो सौदा चांगलाच आहे. पण शेवटच्या मजल्याची गोष्ट वेगळी. लिफ्टचं यंत्र, कूलिंग टॉवर, गच्चीवरचा बार किंवा तलाव यांपैकी काहीतरी डोक्यावर असतं. दहा मजली इमारत असेल तर मी पाचवा ते आठवा मजला मागतो. आणखी एक कारण सुरक्षेचं आहे: अग्निशमन दलाच्या नेहमीच्या शिड्या साधारण ३० मीटर उंचीपर्यंत पोचतात.

खोलीच्या वर-खाली काय आहे हे तर हमखास विचारा, कारण हे कोणीच विचारत नाही. बँक्वेट हॉल किंवा बारच्या थेट वरची खोली घेऊ नका. गाण्यातला ठेक्याचा खालचा सूर हवेपेक्षा इमारतीच्या सांगाड्यातून प्रवास करतो, त्याला बंद खिडकीने काही फरक पडत नाही. निदान दोन मजले मध्ये हवेत. जिमच्या खालची खोली वजनं आदळल्यावर हादरते. नाश्त्याच्या हॉलच्या खालची खोली घेतलीत, तर सकाळी साडेसहापासून फरशीवर सरकणाऱ्या खुर्च्या मोजत बसाल.

त्याच मजल्यावर लिफ्ट, जिना, हाऊसकीपिंगची खोली आणि बर्फाचं किंवा पेयांचं यंत्र यांच्यापासून लांबची खोली मागा. हाऊसकीपिंगच्या खोलीजवळ सकाळी ट्रॉल्या, चादरींच्या गाठोड्यांची ढकलाढकली आणि कर्मचाऱ्यांच्या गप्पा सुरू होतात. त्यात त्यांचा दोष नाही, ती त्यांची कामाची जागा आहे. पॅसेजच्या टोकाची खोली साधारणपणे उत्तम, कारण तिच्या दारासमोरून जाणारं कोणी नसतं आणि शेजार एकाच बाजूला असतो. फक्त ते टोक रस्त्यावरच्या चौकाच्या कोपऱ्यावर येत असेल, तर दोन बाहेरच्या भिंती आणि दोन बाजूंच्या खिडक्यांमुळे सगळा फायदा उलटा होतो.

आणि मधलं दार. दोन खोल्या जोडणारं दार असलेली खोली कुटुंबांसाठी सोयीची, बाकीच्यांसाठी मोठी डोकेदुखी. भिंत कितीही जाड बांधलेली असो, त्या दाराच्या फटीतून शेजाऱ्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो. ‘मधलं दार नको’ हे मागणीत स्पष्ट शब्दांत घाला.

खिडकी

‘आमच्याकडे दुहेरी काच आहे’ असं हॉटेलवाले मोठ्या खात्रीने सांगतात. दुहेरी काच अनेकदा उष्णता अडवण्यासाठी बसवलेली असते आणि तिच्यातलं अंतर १२ ते १६ मिलिमीटर इतकंच असतं. बस किंवा ट्रकच्या इंजिनाची खालच्या सुरातली घरघर तिच्यातून बऱ्यापैकी आत येते. आवाजासाठी खास बसवलेल्या खिडकीत दोन काचांची जाडी वेगवेगळी असते, किंवा एक काच दोन थरांच्या मध्ये पातळ पडदा घालून बनवलेली, म्हणजे लॅमिनेटेड असते. सर्वांत चांगलं काम करते ती मूळ खिडकीच्या आत सुमारे १०० मिलिमीटर अंतर सोडून बसवलेली दुसरी स्वतंत्र खिडकी. जुन्या इमारतीतल्या हॉटेलांत ती आढळते, आणि दिसली की निम्मी काळजी मिटते.

पण काचेपेक्षा फट महत्त्वाची. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का इतकी फट जरी राहिली, तरी काच कितीही भारी असो, ती खिडकी २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही. बादली कितीही जाड पत्र्याची असली तरी तळाला भोक असेल तर पाणी राहत नाही, तसंच हे. सरकत्या खिडक्यांत ही फट नेहमीच असते. बिजागरीची, बंद केल्यावर रबरी पट्टीवर घट्ट दाबून बसणारी खिडकी कधीही सरस.

याच्याशीच जोडलेला एक व्यावहारिक प्रश्न: खोलीत एसी आहे का, आणि तो रात्री चालू ठेवता येतो का? जुन्या, देखण्या इमारतींतल्या काही छोट्या हॉटेलांत एसी नसतो. गरमीत तिथे खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि किंचित उघडी खिडकी साधारण १५ डेसिबलच अडवते. मग काच किती पदरी आहे याला काही अर्थ उरत नाही.

बुकिंग आणि एक फोन

शक्यतो रद्द करता येईल असं बुकिंग करा. पहिल्या रात्री खोली त्रासदायक निघाली तर हातात पर्याय असतो. ‘कोणतीही खोली’ या सर्वांत स्वस्त प्रकाराऐवजी बाजू निश्चित सांगणारा प्रकार घ्या. शहराचा देखावा म्हणून ज्यासाठी जास्त पैसे मागतात, ती खोली बहुधा रस्त्याकडेच असते. आतल्या चौकाकडची खोली तिच्यापेक्षा स्वस्त मिळते. झोपेला देखाव्याची गरज नसल्याने हा व्यवहार आपल्या फायद्याचा आहे.

बुकिंगच्या संकेतस्थळावरची ‘विशेष विनंती’ची चौकट भरा, पण तेवढ्यावर विसंबू नका. ती विनंती हॉटेलपर्यंत जाते, तिची हमी कोणी देत नाही. मुक्कामाच्या दोन-तीन दिवस आधी थेट हॉटेलला फोन करा. दुपारी एक ते दोनची वेळ चांगली, कारण तोवर खोल्या सोडणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते आणि नव्यांची सुरू व्हायची असते. ‘शांत खोली द्या’ असं म्हणू नका. ते सगळेच म्हणतात आणि त्यावर ‘हो, नक्की’ एवढंच उत्तर येतं. साधारण असं बोला:

‘नमस्कार, गुरुवारपासून तीन रात्रींचं माझं तुमच्याकडे बुकिंग आहे. माझी झोप फार हलकी आहे, म्हणून जरा मदत हवी होती. मागच्या बाजूची, पाचव्या मजल्यावरची किंवा त्याच्या वरची, लिफ्टपासून लांबची आणि मधलं दार नसलेली खोली मिळू शकेल का? खोली थोडी लहान असली तरी चालेल.’

शेवटचं वाक्य विसरू नका. आपण बदल्यात काहीतरी सोडायला तयार आहोत हे ऐकल्यावर पलीकडचा माणूस मनापासून शोधायला लागतो. त्याच फोनवर हे विचारून घ्या:

- त्या तारखांना हॉटेलात लग्नसमारंभ, मोठी परिषद किंवा खेळाडूंचा संघ आहे का?
- हॉटेलात किंवा शेजारी बांधकाम चालू आहे का? किती वाजता सुरू होतं?
- त्या खोलीच्या थेट वर आणि खाली काय आहे?
- खिडकी पूर्ण बंद करून रात्रभर एसी चालतो ना?

फोनवर बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव विचारून घ्या आणि जे ठरलं ते दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून पाठवा. खोल्यांचं वाटप बऱ्याच ठिकाणी आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी होतं, तेव्हा पोचायच्या दिवशी सकाळी आणखी एक फोन करा. रात्री उशिरा पोचणार असाल तर तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर लिफ्टसमोरची उरलेली खोली तुमच्याच वाट्याला येईल.

चेक-इनच्या काउंटरवर

इथे एकच सावधगिरी. रिसेप्शनवरची व्यक्ती हसून म्हणते, ‘आम्ही तुम्हाला वरच्या श्रेणीची खोली देतोय.’ कान टवकारा. वरच्या श्रेणीची खोली म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या खिडक्या, दर्शनी बाजू आणि खाली झगमगता रस्ता. आभार माना, ती कोणत्या बाजूला आहे ते विचारा, आणि रस्त्याकडे असेल तर आधी ठरलेलीच खोली मागा. फुकटची मोठी खोली नाकारायला जीवावर येतं, पण तीन रात्री जागून काढण्यापेक्षा ते बरं.

खोलीतली पहिली दहा मिनिटं

बॅग उघडू नका, पलंगावर बसू नका, बाथरूमही वापरू नका. वापरलेली खोली बदलून द्यायची म्हणजे हॉटेलला ती पुन्हा साफ करावी लागते, आणि तिथेच नकाराला निमित्त मिळतं.

दार बंद करा. टीव्ही, एसी, बाथरूमचा पंखा सगळं बंद करून मिनिटभर नुसते उभे राहा. जे ऐकू येतं ते रात्री दुप्पट जाणवणार आहे. मग खिडकीची कडी पूर्ण लावा आणि चौकटीभोवती हात फिरवा. वारा लागला तर तिथून आवाजही येणार. खिडकीतून खाली बघा: कचऱ्याचे डबे, माल उतरवायचं शटर, जनरेटर, रेस्टॉरंटच्या छत्र्या. नंतर एसी चालू करून तो थरथरतो का, दर काही मिनिटांनी धडकन बंद-चालू होतो का, ते बघा. छोट्या फ्रिजला कान लावा. दाराखालची फट किती आहे? पॅसेजमधला दिवा आत दिसत असेल, तर पॅसेजमधलं बोलणंही आत येणार. पलंगाची उशाकडची बाजू कोणत्या भिंतीला लागून आहे? तिच्या पलीकडे लिफ्टची पोकळी, शेजारचं बाथरूम किंवा शेजारचा टीव्ही तर नाही?

दुपारी तीनला शेजारचे पाहुणे बाहेर असतात, म्हणून आत्ताच्या शांततेवर फार भरवसा ठेवू नका. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप नेमका आकडा देत नाही, पण एकाच फोनने दोन खोल्यांची तुलना करायला ते पुरतं.

खोली पटली नाही तर बॅगेसकट खाली जा. फोनवर सांगण्यापेक्षा समोर उभं राहून, न चिडता, कारणासह सांगणं जास्त लवकर काम करतं: ‘खोली छान आहे, पण खिडकी पूर्ण लागत नाही आणि खाली माल उतरवायची जागा आहे. दुसरी बघता येईल का?’ दोन खोल्या दाखवायची विनंती करण्यात काहीही वावगं नाही.

झोपण्यापूर्वीची बारीकसारीक कामं

दाराखालच्या फटीला टॉवेलची गुंडाळी लावा, पॅसेजचा आवाज लगेच बोथट होतो. जाड पडदे ओढून घ्या, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ते खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवण्याचं वजन कापडात नसतं. फ्रिज रिकामा असेल तर त्याचा प्लग काढा. उशाशी घड्याळ असेल तर आधीच्या पाहुण्याने लावलेला पहाटेचा गजर त्यात शिल्लक नाही ना, ते बघा. रिसेप्शनला सांगून सकाळपर्यंत खोलीत फोन जोडू नका म्हणावं, आणि ‘व्यत्यय नको’ची पाटी न विसरता दाराला बाहेरून लावावी.

शेजाऱ्याचा टीव्ही उशाच्या भिंतीपलीकडे असेल, तर उशा उचलून पायाकडच्या बाजूला डोकं करून झोपा. हास्यास्पद वाटतं, पण डोकं भिंतीपासून दोन मीटर लांब गेल्यावर पुष्कळ फरक पडतो.

अचानक होणारे आवाज झाकायला एकसुरी आवाजाची मदत घ्या. एसीचा पंखा आपोआप बंद-चालू होण्याऐवजी सतत चालू राहील असा लावा. त्याची सोय नसेल तर फोनवर पावसाचा किंवा पंख्याचा सलग आवाज हळू लावून फोन खिडकीच्या दिशेला ठेवा. तो जाणवेल इतपत हवा, ऐकावा लागेल इतका मोठा नको.

फोमचे इअरप्लग बहुतेक जण चुकीचे घालतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. स्वच्छ, कोरड्या बोटांनी प्लग वळून बारीक करा. विरुद्ध हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. वेष्टनावर लिहिलेले ३० च्या पुढचे डेसिबल प्रयोगशाळेतले असतात, प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतात, तरी तेवढे पुरतात. आवाज रद्द करणारे हेडफोन विमानासारख्या सलग घरघरीला उत्तम, बोलण्याला आणि आपटणाऱ्या दाराला कमी, शिवाय कुशीवर झोपताना ते टोचतात.

कान बंद करून झोपायचं असेल तर एक काम आधी करा. खोलीपासून आपत्कालीन जिन्यापर्यंत चालत जा आणि मध्ये किती दारं लागतात ते मोजून ठेवा. अमेरिकेच्या ‘एनएफपीए ७२’ या अग्निसूचना नियमावलीत झोपण्याच्या जागी उशीपाशी अलार्मचा आवाज किमान ७५ डेसिबल असावा असं म्हटलं आहे. इतका आवाज प्लगमधूनही सहसा ऐकू येतो, पण झोपेतून उठलेल्या माणसाला धुरात रस्ता शोधावा लागू नये. सकाळच्या गजरासाठी मनगटावर थरथरणारं घड्याळ सोयीचं.

रात्री दीड वाजता गोंधळ सुरू झाला तर

शेजाऱ्याचं दार स्वतः ठोठावू नका. पलीकडे कोण आहे, कोणत्या अवस्थेत आहे, ठाऊक नसतं. रिसेप्शनला फोन करून नेमकं सांगा: कोणत्या खोलीतून, कसला आवाज, किती वेळ. पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर पुन्हा फोन करा आणि या वेळी दुसरी खोली मागा. रात्रीच्या वेळी हॉटेलला कोणत्या खोल्या रिकाम्या राहणार हे कळून चुकलेलं असतं, त्यामुळे दुपारी ‘शिल्लक नाही’ म्हणणारे तेच लोक आता बदलून देऊ शकतात.

सकाळी पैसे देताना तक्रार करणाऱ्यांबद्दल हॉटेलवाल्यांना फारशी सहानुभूती नसते, कारण तोवर काहीच दुरुस्त करता येत नाही आणि खातरजमाही करता येत नाही. रात्रीच्या फोनची मात्र बहुतेक हॉटेलांत नोंद होते. त्या नोंदीच्या आधारे सकाळी ड्यूटी मॅनेजरशी बोला. आधी उरलेल्या रात्रींसाठी खोली बदलून मागा, भाड्यातल्या सवलतीचा विषय त्यानंतर काढा. हॉटेलने बांधकाम किंवा समारंभ लपवला असेल आणि तुम्ही फोनवर विचारल्याचा ईमेल तुमच्याकडे असेल, तर सवलत मागताना संकोच करायचं कारण नाही.

खोली चांगली मिळाली तर निघताना तिचा क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. बाजू, मजला आणि कोणत्या वारी राहिलात तेही लिहा. रिसेप्शनला सांगा की ही पसंती तुमच्या नावापुढे नोंदवून ठेवावी. पाहुण्यांच्या आवडीनिवडी टिपायची सोय बहुतेक हॉटेलांच्या संगणकात असते, फक्त कोणी सांगितल्याशिवाय ती कोणी भरत नाही. पुढच्या खेपेला फोन कराल तेव्हा लांबलचक वर्णनाऐवजी थेट खोलीचा क्रमांक मागता येतो, आणि ती रिकामी नसेल तर त्याच रांगेतली, तिच्या बरोबर वरची किंवा खालची.